तुझ्या घरच्या रंगाची जमीन

३ फेब्रुवारी

छकू,

आशीर्वाद वगैरे नेहमीसारखे धरून चाल, मला घाई आहे. सोबत वीतभर लांबीच्या तीन फळ्या पाठवल्या आहेत. दिसायला लाकूड, पण हे लॅमिनेटचे नमुने आहेत. बाहेरची खोली, आतली खोली आणि आईची खोली, तिन्हीकडची गुळगुळीत फरशी आता नको झाली आहे. का नको, ते तुला वेगळं सांगायला नको.

तू एवढंच कर. तिन्ही फळ्या ओळीने जमिनीवर ठेव, आईला हाताला धरून अनवाणी एकेकीवर उभी कर आणि विचार की कुठली पायाला गार लागत नाही, कुठल्या फळीवर पाय सरकत नाही. रंग अजिबात विचारू नकोस. रंग विचारलास की ती "छकू म्हणेल तो" असं म्हणणार आणि इथे माझं डोकं फिरणार.

फोन का नाही केला म्हणशील. जुलैत दवाखान्याच्या जिन्यात आपण काय बोललो ते मला पाठ आहे. तू म्हणालीस, "ताई, हे तुझं घर आहे की बस-स्टँड?" मी म्हणाले, "बस-स्टँडवर लोक येतात तरी. तू कधी आलीस?" त्यानंतर तुझा नंबर लावायला हात धजत नाही. पत्रात बरं असतं, मधे कोणी तोडत नाही.

आईला सांग की पोरं रोज तिची आठवण काढतात. माझी दोन आणि पाळणाघरातली नऊ, अकराच्या अकरा. आपला बुलडोझर, पाळणाघरातलं सगळ्यात दांडगं पोर, तर तिच्या पलंगाखाली जाऊन बसतो आणि बाहेर यायला तयार नसतो. ह्यांचं काम जोरात चालू आहे. वायरी, ड्रिल, ते जाडजूड बूट, सगळं बाहेरच्या खोलीतच असतं. आईच्या खोलीत मात्र कोणी पाऊल टाकत नाही. म्हणजे मी टाकू देत नाही.

इथून खालचं तिला वाचून दाखवू नकोस.

हाड जुळेपर्यंत, दोन महिने, असं तू म्हणाली होतीस. दवाखान्यातूनच तिला परस्पर गाडीत घालून नेलंस तेव्हा मी गप्प बसले, कारण आपली चूक आहे असं वाटत होतं. बुलडोझरने दूध सांडलं, आई त्यावरून घसरली, पोर माझ्या घरातलं, म्हणजे चूक माझीच. पण दोन महिन्यांचे सात झाले. इथे होती तेव्हा तिचे गुडघे रोज दुखायचे. तुझ्या चिठ्ठ्यांत गुडघ्यांचं नावच नाही. गुडघेसुद्धा तुझ्या बाजूचे झाले वाटतं.

तुझ्या साहेबांना नमस्कार सांग. रविवारी ते आईला कॉफी करून देतात म्हणे. नशीब एकेकाचं.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

छकू,

पाकीट मिळालं. चार ओळी! मी तीन पानं लिहिली, तू चार ओळी. "आई म्हणते मधली फळी पायाला बरी वाटते. बाकी तू ठरव. घाई करू नकोस. दुकानात नीट चौकशी कर." उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे.

आणि तो फोटो. तो तू का पाठवलास? मी तर मागितला नव्हता. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत आई, अंगावर राखाडी स्वेटर. नवा आहे ना तो? पाय उघडे, सपाट जमिनीवर टेकलेले. आणि हसते आहे. इथे ती हसायची ते तोंडावर हात धरून. फोटोत सगळे दात दिसतात. मी फोटो शिलाई मशीनवर ठेवला, मग ड्रॉवरमध्ये ठेवला, मग बाहेर काढला. ह्यांनी विचारलं, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "मग पोटात कशाला दुखतंय?" नवरा असावा तर असा, नेमका नको तेव्हा हुशार.

तुझ्या जमिनीचा रंग पाहिला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आहे. मला नाही आवडला. राग मानू नकोस.

दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हातारे, शांत, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती?" मी म्हटलं, "चार. शिवाय दिवसभर लोकांची पोरं नऊ." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई, दोन प्रकारचा माल असतो. एक बेडरूमचा. दिसायला नाजूक, वरची कातडी पातळ. दुसरा दुकानांत, शाळांत टाकतात तो. त्यावर खुर्च्या ओढा, गाड्या फिरवा. तुम्ही दुसरा घ्या, डोळे मिटून घ्या." मी पर्समधून पोरांची लोखंडी मोटार काढली आणि नमुन्यावर खसाखसा घासली. ओरखडा नाही. ते म्हणाले, "पहिल्यांदाच कोणी स्वतःचं हत्यार घेऊन आलं."

आणखी एक सांगितलं. पाणी. कुठलाही माल असो, सांडलं तर लगेच टिपा, पण ओल्या फडक्याने पुसू नका. फडकं पिळून, जवळजवळ कोरडं. सांध्यात पाणी गेलं की फळी फुगते. मला हसू आलं. आपल्या आईने आपल्याला काय शिकवलं? फडक्यातून पाणी ठिबकलं नाही तर ते पुसणं कसलं! मी अजून तशीच पुसते, दिवसातून चार वेळा. आईला हे वाचून दाखव, हसेल. सगळे दात दाखवून हसली तर मला कळव.

साहेबांना नमस्कार.

ताई


२ मार्च

छकू,

माल आला. कॉफीच्या रंगाचा, गडद, शाळा-दुकानांचा, टणक. तुझ्यासारखा बिस्किटी नाही. आईला सांग, मधल्या फळीसारखाच खरखरीत आहे, पाय सरकणार नाही.

खोकी उघडायची नाहीत, दोन दिवस घरातच आडवी पडू द्यायची, असं फिटरने बजावलं. "घराची हवा लागू दे त्याला. नाहीतर नंतर हातपाय पसरतं." म्हणून दोन दिवस बाहेरच्या खोलीत बावीस खोकी पडून होती आणि पोरांनी त्यांचं जहाज केलं. बुलडोझर कप्तान. माझा धाकटा समुद्रात पडला म्हणून रडत होता. मला वाटलं, लाकडाच्या भुशालासुद्धा घरात रुळायला दोन दिवस देतात. आईला तुझ्या घरी रुळायला किती लागले गं? विचारते आहे नुसती.

मुक्काम पंधरा दिवसांचा म्हण, पण तिला पाठव. एकदा येऊन जमीन तर बघू दे.

ताई


१२ मार्च

छकू,

हे पत्र आईला अजिबात वाचून दाखवू नकोस. एक अक्षर नाही.

जमीन झाली. छान दिसते. आणि ती कॉफीच्या रंगाची नाही. मागच्या पत्रात तुला खोटं लिहिलं.

तू पाठवलेला फोटो घेऊन मी दुकानात गेले होते. आईच्या पायांखाली बोट ठेवून म्हटलं, "हाच रंग पाहिजे." दुकानदार म्हणाले, "हा रंग फक्त बेडरूमच्या मालात येतो. तुमच्या घरी टिकायचा नाही." मी म्हटलं, "टिकेल." ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी मोटार घासून तुम्हीच बघितलंत ना?" मी म्हटलं, "मला हाच हवा." म्हाताऱ्याने वाद घातला नाही. बिचाऱ्याला वाटलं असेल, बाईला रंगाचा सोस आहे. सोस रंगाचा नव्हता. मला वाटलं, तुझ्यासारखी जमीन असली तर आई इथेही पाय टेकून तशी हसेल. वाच आणि हस मला. लहानपणी तू माझी रिबन चोरायचीस, आता मी तुझी जमीन चोरली. फिट्टंफाट.

आता लिहायलाच बसले आहे तर दुसरंही लिहिते.

दूध सांडलं नव्हतं. बुलडोझर तेव्हा झोपला होता.

गेल्या जूनमध्ये तू रबराची चटई पाठवली होतीस, आईच्या बाथरूमबाहेर टाकायला. आईने पार्सल उघडलं आणि म्हणाली, "छकूला दुरूनसुद्धा कसं कळतं बघ!" तिने ते मला टोचायला म्हटलं नव्हतं, पण मला टोचलं. रोज तिला धरून बाथरूममध्ये कोण नेत होतं? मी. तिची औषधं, नखं, केस, कोण बघत होतं? मी. आणि कळतं कोणाला? कानामागून आली आणि तिखट झाली, ते हे. मी म्हटलं, "उद्या टाकते," आणि चटई प्लॅस्टिकसकट कपाटावर ठेवली. तीन आठवडे ती तिथेच होती. त्या दिवशी मी फरशी पुसली, आपली नेहमीसारखी, पाणी ठिबकत. आई बाथरूममधून बाहेर आली आणि पडली. ती जमिनीवर होती आणि मी पहिलं काय म्हणाले माहीत आहे? "तुला हाक मारायला काय झालं होतं?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा दूध सांडल्याचं तोंडातून निघून गेलं. मग तुला तेच सांगितलं, बुलडोझरच्या आईलाही तेच. तिने माझ्यासमोर त्याला एक धपाटा घातला आणि मी तो घालू दिला. अडीच वर्षांचं पोर.

झालं. आता वाटलं तर आईला पाठवू नकोस. तुझा हक्क आहे. पण पाठव.

साहेबांना नमस्कार.

ताई


२७ मार्च

छकू,

तू तिला पाठवलंस, एका शब्दाने उत्तर न देता. बसमध्ये बसवलंस, ह्यांनी उतरवून घेतलं, काल दुपारी घरी आली. पोरांनी तिला वॉकरसकट घेरलं. ती जमिनीकडे बघत राहिली. मला वाटलं, आवडली.

आज सकाळी मी ओट्याशी होते. ती उठली, वॉकर घेऊन निघाली आणि डावीकडे वळून सरळ भिंतीपाशी गेली. बाथरूम उजवीकडे आहे छकू, चौदा वर्षं उजवीकडेच आहे. भिंतीपाशी उभी राहून तिने हाक मारली, "छकू, चहा टाकलास का गं?"

आणि मी काय केलं? "हो" म्हटलं. तुझ्या नावाला ओ दिली. चहा नेऊन दिला. तिने कप घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली बघत प्यायली.

तुझं सगळं चांगलंच असतं. नोकरी चांगली, नवरा चांगला, घर शांत, चटई वेळेवर. एक आई होती माझ्याकडे, आयत्या बिळावर नागोबा होऊन तीसुद्धा घेतलीस. पंधरा दिवस संपले की ये आणि घेऊन जा तुझी आई. जमीनही उचकटून घेऊन जा.


३० मार्च

छकू,

सत्तावीसचं पत्र पोस्टात टाकून आले आणि परत येताना वाटलं, पेटीत हात घालून काढावं. निघत नाही. ते पत्र तुझ्या हातात पडलं असेल तर हे लगेच वाच.

परवा दुपारी पोरं झोपली होती. आईने बोलावलं. "मोठे, बस इथे." पलंगावर नाही, जमिनीवर. स्वतः खुर्चीत बसली आणि वॉकरच्या पायाने दाराजवळची फळी दाखवली. सांधा फुगला होता. तीन ठिकाणी फुगला आहे. बाहेरच्या खोलीत ओरखडे तर इतके की मोजायला नकोत. पंधरवड्यात! दुकानदाराचा शब्द खरा निघाला.

"पाणी घालून पुसतेस," आई म्हणाली.

"पिळून पुसते."

"तुझं पिळणं मला माहितीये. मीच शिकवलंय." मग म्हणाली, "ही जमीन तुझी नाही. तुला गडद रंग आवडतो. ही छकूची आहे. कशाला गं केलंस असं?"

मी म्हटलं, "तू परत यावीस म्हणून."

इतकं सरळ मी तिला आयुष्यात काही सांगितलं नसेल. मग आदल्या सकाळच्या हाकेचं सांगितलं, चटईचं सांगायला लागले, तर ती म्हणाली, "वाचलंय मी."

"काय वाचलंस?"

"पत्रं. टपाल बाराला येतं, छकू सहाला येते. मधल्या वेळात मी काय भिंती बघत बसते? 'आईला वाचून दाखवू नकोस' असं लिहिलेलं तर मी आधी वाचते."

छकू, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तुझ्या रंगाची का होईना. आई म्हणाली, "चटई कपाटावर होती ते मला पडायच्या आधीपासून माहीत होतं. मी मागितली असती तर तुला वाटलं असतं, छकूचीच बाजू घेते. म्हणून नाही मागितली." म्हणजे बघ, एका चटईवरून आम्ही दोघी तीन आठवडे एकमेकींचं मन जपत होतो, आणि हाड तिचं मोडलं.

मी म्हटलं, "मग रागावून गेलीस ना?"

"वेडी आहेस का? दोन महिने झाले तेव्हा मी पिशवी भरली होती. त्याच आठवड्यात तो निघून गेला."

"कोण?"

"जावई."

छकू, सप्टेंबरपासून तू त्या घरात एकटी आहेस आणि मला मार्च संपताना कळतं आहे. आई म्हणाली, "तिने शपथ घातली होती, ताईला सांगायचं नाही म्हणून. पण आता तू तिच्या नावाने जळतेस ते मला बघवत नाही." मी दर पत्रात "साहेबांना नमस्कार" लिहीत होते. ते वाचून तू काय करत होतीस गं? चार ओळी लिहायचीस. चारसुद्धा कशा लिहिल्यास?

हे ऐकल्यावर मला आधी काय वाटलं ते लिहिते, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. छकूचंही बिनसतं तर! मग आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की उठून उगाच दूध तापत ठेवलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, मी तर सात महिने तुझ्या डोंगराकडे बघून जळत होते आणि तू तिथे दगड फोडत होतीस.

मी आईला विचारलं, "मग आता इथेच राहशील?"

ती म्हणाली, "इथे तुम्ही सगळे मला सांभाळता. तिथे मी तिला सांभाळते. ती सहाला येते, दारात चपला काढायच्या आधी मला हाक मारते. मी ओ दिली की मग आत येते. रोज. ते मला सोडवत नाही, मोठे."

मी पुष्कळ बोलले. खोली तुझ्यासाठी ठेवली, पोरं तुझ्यासाठी रडतात, हे, ते. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुझ्याकडे अकरा पोरं आहेत. तिला मी एकटी आहे."

तेव्हा ठरलं. आई तुझ्याकडे राहणार. बाहेरच्या खोलीतला हा माल काढून दुकानदार म्हणत होते तो टणक घालून घेते. त्यांनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, नुसता चष्मा खाली घेतला. आईच्या खोलीतला राहू देते. बुलडोझरच्या आईला काल खरं सांगितलं. ऐकून ती तशीच निघून गेली, आज त्याला सोडायला आली ती दारातूनच परत गेली. पोरगं मात्र पळत येऊन माझ्या पायांना चिकटलं.

नऊ तारखेच्या गुरुवारी आईला घेऊन मी येते आहे. ह्यांना पाठवत नाही, बसमध्ये एकटी बसवत नाही. पाळणाघराला दोन दिवस सुट्टी दिली आहे, पहिल्यांदाच. पोरांच्या आयांनी विचारलं, "घरात काही कार्य आहे का?" मी म्हटलं, "बहिणीकडे जायचं आहे." त्यांना वाटलं, एवढंच?

माझं जळणं थांबलं आहे असं समजू नकोस. आई सकाळी उठून तुझ्या नावाने चहा मागते, ते मला खुपतं आणि खुपत राहणार. तसा माझा स्वभावच आहे, तुला नवा नाही. येऊन तुला काय म्हणायचं तेही मी ठरवलेलं नाही. जिन्यातल्या बोलण्याबद्दल माफी मागेन असं वाटतं, पण तू आधी काही टोचून बोललीस तर सांगता येत नाही.

तू दार उघडशील आणि आधी आईला हाताला धरून आत घेशील, ते बरोबरच आहे. पण लगेच दार लावून घेऊ नकोस. तिच्या मागे पिशव्या घेऊन मी उभी असेन.

ताई